सरड्यांचा मार्च महिना

मार्चमध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या साउथ माउंटन या डोंगरावर फिरायला येणारी माणसे ब्रिटलबुश या झुडपाच्या पिवळ्या फुलांची छायाचित्रे काढतात आणि उंच सग्वारो निवडुंगाखाली उभी राहून स्वतःचीही काढून घेतात. पायवाटेच्या कडेला तापलेल्या दगडावर एखादा सरडा तालमीतल्या पोरासारखा जोर काढत असतो, त्याच्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. शेपूट सोडली तर जेमतेम पाच सेंटिमीटर लांबीचा, मातकट रंगाचा आणि पुढच्या पायामागे बगलेशी निळसर काळा डाग असलेला हा साइड-ब्लॉच्ड लिझर्ड अमेरिकेच्या कोरड्या पश्चिमेत आणि उत्तर मेक्सिकोत इतका सर्रास आढळतो की त्याचे कौतुक वाटू नये, हे स्वाभाविकच आहे. त्याचे शास्त्रीय नाव यूटा स्टान्सबुरियाना. त्यातला स्टान्सबरी हा 1849-50 मध्ये ग्रेट सॉल्ट लेकची पाहणी करणारा लष्करी कप्तान होता.

वसंतात नराच्या गळ्यावर रंग चढतो, आणि खरी गंमत तिथे सुरू होते. कॅलिफोर्नियात लॉस बॅनोसजवळच्या टेकड्यांवर बॅरी सिनर्व्हो आणि कर्टिस लाइव्हली या संशोधकांनी 1990 ते 1995 या काळात या सरड्यांचा अभ्यास केला आणि 1996 मध्ये त्याचे निष्कर्ष ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केले. तिथे गळ्याचे रंग तीन होते आणि प्रत्येक रंगासोबत वागण्याची एक रीतही वारशाने आलेली होती. नारिंगी गळ्याचा नर दांडगा असतो. तो मोठा इलाखा बळकावतो, त्यातल्या अनेक माद्यांवर हक्क सांगतो आणि शेजारच्या निळ्या गळ्याच्या नराला सहज हुसकावून लावतो. निळा नर थोडक्यात समाधान मानतो, आपल्या माद्यांवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवतो आणि इतर निळ्या शेजाऱ्यांशी जुळवूनही घेतो. पिवळ्या नराला स्वतःचा इलाखाच नसतो. त्याचा गळा मादीच्या गळ्यासारखा दिसतो आणि त्या आडोशाने तो दुसऱ्याच्या हद्दीत शिरतो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असे आपण म्हणतो, पण नारिंगी नराचे कुंपणच इतके दूर असते की एका टोकाला तो दरारा दाखवत असताना दुसऱ्या टोकाला पिवळा आपला कार्यभाग उरकून गेलेला असतो. निळ्याच्या पहाऱ्यात मात्र पिवळ्याची डाळ शिजत नाही.

थोडक्यात, हा लहान मुलांचा दगड-कागद-कात्रीचा डाव आहे. नारिंगी नर वाढले की पिवळ्यांना संधी मिळते, पिवळे माजले की निळ्यांचे दिवस येतात, आणि निळे पुरेसे झाले की त्यांना हुसकावायला नारिंगी पुन्हा वर येतात. त्या टेकड्यांवर हे चक्र काही वर्षांत पूर्ण होत असल्याचे दिसले. शास्त्रीय लेखनात पिवळ्याला सर्रास चोरटा म्हटले जाते. मला ते अन्यायाचे वाटते, कारण बळजबरीने मुलूख मारणाऱ्या नारिंगीला कोणी दरोडेखोर म्हणत नाही.

माद्याही या हिशेबाबाहेर नाहीत. नारिंगी गळ्याच्या माद्या पुष्कळ, पण लहान अंडी घालतात, तर पिवळ्या गळ्याच्या माद्या मोजकी आणि मोठी. जागा मोकळी असेल तेव्हा संख्येचा फायदा होतो. गर्दी झाली की मोठ्या अंड्यातून निघालेले धष्टपुष्ट पिल्लू तगते. माद्यांचे हे पारडे साधारण दोन वर्षांनी खालीवर होते, म्हणजे नरांच्या चक्राहून लवकर.

या सगळ्या राजकारणाला वेळ फार थोडा असतो. बहुतेक सरडे जेमतेम वर्षभर जगतात, त्यामुळे यंदा भांडणाऱ्या नरांपैकी फारच थोड्यांना पुढचा मार्च दिसतो, आणि तेव्हाच्या दगडांवर यंदाच्या उन्हाळ्यात जन्मलेली पिल्ले वयात येऊन जोर काढत असतात. सगळीकडे तिन्ही रंग नांदतात असेही नाही. काही ठिकाणी डावातला एक गडी कायमचा बाद झाला आहे आणि तो बहुधा पिवळाच असतो. तिथल्या नारिंगी नराला आता फक्त समोरून येणाऱ्यावर नजर ठेवली तरी पुरते.