शोककार्य

गेली दोन वर्षं मी मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याचा ‘शोक आणि विषाद’ हा निबंध मराठीत आणतोय. १९१७ सालचा, पानं थोडी, पण एकेका शब्दाला आठवडा जातो. सगळ्यात अडलो ‘ट्राउअरआर्बाइट’ या जर्मन शब्दापाशी. ट्राउअर म्हणजे शोक, आर्बाइट म्हणजे काम. विभागातल्या मंडळींनी ‘शोकप्रक्रिया’ सुचवला. मला पटला नाही. प्रक्रिया आपोआप होते. फ्रॉइड सांगतो ते राबणं आहे. गेलेल्या माणसाची एकेक आठवण मन हातात घेतं, तिच्यात गुंतलेला जीव सोडवतं, मग पुढची. म्हणून ‘शोककार्य’ केला आणि त्यावर खूश होतो.

मनोविश्लेषण, म्हणजे माणसाला बोलू देऊन मनात दडलेलं उकलणं, आणि क्विअर सिद्धान्त, म्हणजे लिंगभाव-लैंगिकतेच्या ठरीव चौकटींना प्रश्न विचारणारा विचार, हा माझा विषय. बढतीच्या मुलाखतीत एका तज्ज्ञांनी विचारलं होतं, “हे आपल्या मातीतलं आहे का?” गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था काढली, फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, हे मी सांगितलं. त्यांनी मान हलवून पुढचा प्रश्न घेतला. ज्यांनी या विषयाचं पान उलटलेलं नाही त्यांनीच माझ्या कामाला गुण द्यायचे, हे मला अजून सहन होत नाही.

एका शनिवारी कोल्हापुरातच माझं खुलं व्याख्यान होतं. फ्रॉइडवरून मी अमेरिकन विचारवंत ज्युडिथ बटलरच्या ‘जेंडर ट्रबल’कडे वळलो. १९९० चं हे पुस्तक मुळात स्त्रीपण-पुरुषपण कसं घडतं याविषयी आहे, पण त्यातला एक मुद्दा मला सोडत नाही: जे प्रेम होतं असं म्हणायचीच बंदी, ते गेलं तरी गेलं म्हणता येत नाही. मग तो शोक आत जाऊन बसतो.

संपल्यावर मागच्या रांगेतले एक गृहस्थ थांबले. पन्नाशी उलटलेली, हातात हेल्मेट. (त्यांना विचारूनच लिहितोय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

“सर, आमच्यात कार्य दोनच. लगीनकार्य न्हाईतर दिवसकार्य. आमचं दोन्ही झालं न्हाई.”

मित्र गेला होता. बावीस वर्षांची सोबत. घरच्यांच्या लेखी नुसती दोस्ती. पंचगंगेच्या स्मशानात रक्षाविसर्जनाला हे भावकीच्या मागं, पावण्यांच्याही मागं उभे. नैवेद्य ठेवला. कावळे पत्र्यावर बसलेले, एकही खाली येईना. भाऊ हात जोडून म्हणाला, “पोरीचं लगीन मी करून देतो.” मेहुणा म्हणाला, “सोसायटीचं कर्ज फेडतो.” आईला सांभाळायचंही बोलून झालं. तासाभरानं लोक घड्याळ बघायला लागले आणि नैवेद्य गाईला घातला.

“मला ठावं हुतं काय बोलायचं. पर म्होरं कसा जाऊ?”

मग म्हणाले, “दहा दिवस दाढी केली न्हाई, गोड खाल्लं न्हाई. घरात म्हटलं, पथ्य हाय. त्ये सुतक म्हणायचं का न्हाई, सर?”

मी बटलरविषयी काहीतरी सुरू केलं. दोन वाक्यांत माझं मलाच ते ऐकवेना. थांबलो आणि त्याहून वाईट केलं. विचारलं, “काय बोलणार होतात तुम्ही?” खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्या माणसापेक्षा ते वाक्य हवं होतं. बोलणाऱ्याला त्याच्या वेगानं बोलू द्यायचं, हा माझ्या विषयाचा पहिला धडा. तो मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवतोय.

ते हेल्मेटच्या पट्ट्याचं बक्कल लावत राहिले, काढत राहिले. “त्ये त्येचं नि माझं,” म्हणाले, आणि नमस्कार करून जिना उतरले.

सुतकाचं उत्तर राहूनच गेलं. ‘होतं’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. परवा त्यांचा फोन आला, निबंधाची मराठी प्रत मिळेल का म्हणून. ‘शोककार्य’ हा शब्द तसाच ठेवलाय. सोमवारी रंकाळ्यावर भेटतोय. प्रत नेईन, पण आधी ते उत्तर देईन.