मिलिपीडच्या डब्याची नोंद: भोकं झाकणावरून भिंतीवर

जुलै संपत आला, नव्या डब्याने ठाण्याचा पाऊस बऱ्यापैकी काढला, म्हणून नोंद टाकतोय. प्राणी तेच, ट्रायगोनियुलस कोरॅलिनस. पावसाळ्यात सोसायटीच्या कंपाउंडवर चढणारे लालसर पैसे (मिलिपीड), पाचेक सेंटिमीटरचे.

फक्त झाकणाला भोकं पाडलेला डबा थंडीत चालून जातो. पावसाळ्यात मात्र खालची हवा जागची हलत नाही. भिंतींना पाणी सुटतं, पानांवर बुरशी धरते आणि मागोमाग माइट्स (कोळ्यांच्या जातकुळीतले बारीक जीव) येतात. म्हणून या वेळी झाकण कोरं ठेवलं. एका भिंतीला मातीच्या दोन बोटं वर भोकांची ओळ, समोरच्या भिंतीला अगदी झाकणालगत दुसरी. दमट हवा हलकी असते, ती वरून निघते आणि खालून ताजी आत येते. भोकं किती आहेत यापेक्षा ती खाली-वर आहेत का, हे बघा.

भोकं सोल्डरिंग आयर्नने पाडली (खिडकीत बसून करा, प्लास्टिकचा धूर घशाला लागतो). आतून बारीक स्टीलची जाळी ग्लू गनने बसवली. मच्छरदाणीची जाळी नको, पिल्लं जन्मतः जेमतेम दिसतील एवढीच असतात.

हवा खेळती हवी याला आणखी एक कारण आहे. चिडले की हे अंगातून बेंझोक्विनोन नावाचं रसायन सोडतात, बोटावर तपकिरी डाग पडतो आणि साबणाने जात नाही. चपट्या पाठीच्या पॉलिडेस्मिडा गटात तर बरेच जण हायड्रोजन सायनाइड सोडतात. त्यांना हवाबंद डब्यात भरून आणणं म्हणजे त्यांच्याच विषात त्यांना कोंडणं.

पण हवेच्या नादात माती सुकवू नका. यांच्या कवचावर कीटकांसारखा मेणाचा थर नसतो, पाणी भराभर उडतं. माती प्राण्याच्या लांबीपेक्षा खोल दिली आहे: कुजलेली आंबा-फणसाची पानं, हाताने चुरा होणारं पांढरं पडलेलं लाकूड, थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). नुसतं कोकोपीट म्हणजे उपासमार. निलगिरी आणि कडुनिंब मी घालत नाही. कॅल्शियमला किनाऱ्यावर मिळतो तो समुद्रफेस, धुऊन, चुरून. पाणी फवारत नाही, एका कोपऱ्यात ओततो. तळ ओला राहतो, वरची पानं कुरकुरीत.

आता सकाळी मातीलगत धुक्याची एक पट्टी दिसते, दुपारपर्यंत विरते. बुरशीचे उरलेसुरले ठिपके स्प्रिंगटेल (मातीतले इवलेसे उड्या मारणारे जीव) खाऊन टाकतात. काकडीचा तुकडा मात्र दुसऱ्या दिवशी उचलावाच लागतो, त्याला वायुवीजन काही करू शकत नाही.

एकाने भिंतीलगत मातीत पोकळी करून कात टाकली आहे. पांढराफटक, वेटोळं घालून पडलाय, शेजारी स्वतःचीच कात, जी तो हळूहळू खाईल. तोवर डबा हलवणं, माती उकरणं बंद.

ऑक्टोबर हीटमध्ये वरच्या ओळीतली अर्धी भोकं चिकटपट्टीने बुजवून बघणार आहे.