रंकाळ्यावरची छत्री

आज संध्याकाळी रंकाळ्यावर गेले होते. लेक चार महिन्यांची, पहिले ६ महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. भूक लागली की तिला दम नसतो. बाकावर बसून पाजायला घेतलं, तर एक काकू म्हणाल्या, "घरातनं पाजून यायचं न्हवं?" फार लागलं मनाला.

तेवढ्यात कणसं भाजणाऱ्या मावशी शेगडी सोडून आल्या आणि छत्री उघडून माझ्यापुढं उभ्या राहिल्या. बोटांना कोळशाची राख. "पाज गं, सावकाश पाज." लेक झोपेपर्यंत हलल्या नाहीत.

बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीचं आपण किती कौतुक करतो! एसटी स्टँडवरच्या बाळाला पाजायच्या कक्षांना तिचंच नाव आहे. मग बाकावरच्या आईला कानकोंडं का करतो?

मावशी म्हणाल्या, "उद्या आलीस तर हितंच बस."

जाणार आहे.