तुम्ही विचारलंत म्हणून: शकुंतला सोडून वेल्समध्ये रूळ कशाला टाकतोस?

घरी आलो की कुणीतरी विचारतंच, फोटो टाकला की खाली विचारतात, मागच्या वेळी तर मावसभावाच्या लग्नात पंगतीत बसल्या बसल्या विचारलं. "तिकडे इंग्रजांच्या गाडीचे रूळ फुकटात टाकतोस, मग आपल्या शकुंतलेसाठी काय केलंस?" शकुंतला म्हणजे आमच्या विदर्भातली मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी गाडी. आजवर विषय बदलत आलो. आता एकदाच लिहितो.

पहिली गोष्ट, ती गाडी वेल्सची आहे. मी श्रूजबरीला राहतो, तिथून वेल्शपूल जवळच. वेल्शपूल ते लानफेअर ही लाइन 1903 ची, खेड्यापाड्यातल्या शेतकऱ्यांसाठी टाकलेली, जेमतेम नऊ मैल. 1931 ला पॅसेंजर बंद झाली, 1956 ला मालगाडीही. मग हौशी लोक सुट्टीच्या दिवशी येऊन झुडपं तोडायला लागले आणि 1963 ला लानफेअरच्या बाजूने थोड्या अंतरावर गाडी सुरू करून दाखवली. पुढच्याच वर्षी डिसेंबरात बानवी नदीला पूर आला, पुलाचा खांब खचला, तरी सोडलं नाही, पैसे गोळा केले, लष्कराचे इंजिनियर मदतीला आले. वेल्शपूलपर्यंत परत पोचायला 1981 उजाडलं. वाटेत गोल्फा नावाचा चढ आहे, 29 फुटाला एक फूट, पावसात इंजिन घसरतं, तिथेच आमच्या गँगचं काम जास्त असतं. सडलेला स्लीपर, म्हणजे रुळाखालचा आडवा ओंडका, ओढून काढायचा, नवा सरकवायचा, खाली गिट्टी ठासायची.

आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, 762 मिलीमीटर. शकुंतलेचाही तोच.

माझे बाबा मूर्तिजापूर-यवतमाळ लाइनवर चाबीवाले होते, एकतीस वर्षं. रोज सकाळी खांद्यावर हातोडा घेऊन रुळावरून चालायचं, सैल झालेलं ठोकायचं. ते गेज हातानेच मोजायचे, तीन विती आणि चार बोटं. लहानपणी मला वाटायचं सगळ्या जगाचे रूळ बाबांच्या हाताच्या मापाने टाकलेत. वेल्सच्या त्या लाइनवर पहिल्या दिवशी मी मेजरपट्टी यायच्या आधी खाली वाकून तीन विती मोजल्या होत्या. का जातोस, याचं खरं कारण एवढंच असेल कदाचित.

आता शकुंतलेचं. काहीच केलं नाही असं म्हणणाऱ्यांना माहीत नाही, कारण मी सांगितलंच नव्हतं.

2019 च्या डिसेंबरात सुट्टीवर आलो होतो. यवतमाळची गाडी बंदच होती. डोक्यात वेल्सचं वारं, की तिथे जमतं तर इथे का नाही, आपल्या लोकांना किंमतच नाही वगैरे. शाळेतले सहा मित्र गोळा केले, विळे, कुऱ्हाडी, दोन सब्बल, डबा बांधून दारव्ह्याच्या पुढे लाइनवर गेलो. बाबा म्हणाले मी पण येतो. त्यांचे गुडघे गेलेले, तरी आले. वेडी बाभूळ रुळाच्या मधोमध उगवलेली, काळ्या मातीत स्लीपर अर्धे बुडालेले. दुपारपर्यंत शंभरेक फूट मोकळं केलं असेल. बाबा रुळावर बसून दगडाने एकेक जागा वाजवून बघत होते, हे चांगलं हाये, हे गेलं, हे चांगलं हाये. इतके खुशीत मी त्यांना रिटायर झाल्यापासून बघितलं नव्हतं.

मग जीप आली. कुठल्या ऑफिसची ते लिहीत नाही. साहेब तरुण होता, ओरडला नाही, कायदाच सांगितला, की विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणं गुन्हा आहे, आणि उद्या एक रूळ चोरीला गेला तर नाव तुमचंच येईल. ते बरोबरच होतं. आमच्याकडून लिहून घेतलं, पुन्हा येणार नाही म्हणून. एकेकाने सही केली. बाबांचा नंबर आला तेव्हा मी म्हणालो, साहेब, हे इथेच नोकरीला होते. तो म्हणाला, मग त्यांना तर नियम माहीतच असतील.

बाबांनी सही केली. पेन घट्ट धरून, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, पगाराच्या रजिस्टरवर करायचे तशी.

घरी येईपर्यंत बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "तिकडं पैसे देतेत का तुले?" नाही म्हटलं. "परवानगी हाये?" आहे म्हटलं, कार्ड आहे, ट्रेनिंग दिलं, हाताखाली घेऊन शिकवलं. "मंग तिकडंच कर."

2022 ला ते गेले. मी इकडे श्रूजबरीला होतो.

तेव्हाच्या माझ्याशी माझं अजून भांडण आहे. वेल्समध्ये आधी कागद झाला मग फावडं, हे मला माहीत होतं, तरी दारव्ह्यात मी अर्ज केला नाही, आणि माझ्या उत्साहापायी सही बाबांना करावी लागली. लोकांना किंमत नाही हेही खोटं होतं, शकुंतलेसाठी तिथल्या लोकांनी सत्याग्रह केलाय. पण त्यांना बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला नेणारी स्वस्त गाडी पाहिजे, बरेच जण ब्रॉडगेज मागतात. वेल्समधली गाडी मुख्यतः पर्यटकांवर चालते. भाजीची टोपली घेऊन कारंज्याला जाणाऱ्या बाईला माझ्या वाफेच्या इंजिनाचं काय? याला माझ्याकडे उत्तर नाही. तरी सगळे अडीच फुटी रूळ उचलून भंगारात जावेत हेही मला सहन होत नाही. दोन्ही खरं आहे.

मार्चमध्ये येतोय. दारव्हा स्टेशनपासून एक तुकडा, निदान एक मैल, जपायला द्या, असा अर्ज या वेळी लिहून ठेवलाय, मित्रांच्या सह्याही आणायच्यात. फक्त वर नाव कुणाचं घालायचं तिथे अडलोय. आमच्याकडे लहानपणापासून ऐकत आलोय, रूळ खाजगी कंपनीचे आणि गाडी रेल्वेची. कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा.