गुरुजींच्या कानातला वाळा

सोमवार. दुकान बंद.

रात्रीचे साडेदहा झालेत, सगळे गच्चीवर झोपायला गेले, मी खालीच बसलोय कारण आजचं लिहून ठेवायचंय. दोनदा साबणानं हात धुतले तरी बोटांना वाळ्याचा वास येतोय अजून.

परवा पोरीनं विचारलं, पप्पा, पुरुष लोक खरंच लावतात का हो सेंट आजकाल, का ते नुसतं जाहिरातीतच? ती बीएस्सीला आहे, केमिस्ट्री घेतलीय, सुगंधी तेलांवर काहीतरी प्रोजेक्ट आहे म्हणे. म्हटलं लावतात बेटा, खूप जण लावतात, फक्त कबूल करत नाहीत. अमळनेरातलं आमचं दुकान वडिलांपासूनचं, मला स्वतःला बावीस वर्षं झाली वस्तरा धरून, आणि दाढी करताना माझं नाक समोरच्याच्या मानेपासून वीतभर अंतरावर असतं. कोण काय लावून आलंय, कोणी लावायचं सोडलंय, कोणाच्या घरात नवीन बाटली आलीय, सगळं कळतं. पण विचारायची सोय नाही. "वास भारी ई ऱ्हायना भो, काय लायेल शे?" असं म्हटलं की चाळीशीचा बाप्या लाजतो आणि म्हणतो काही नाही रे, साबणाचा असेल. साबणाचा नसतो तो. साबणाचा वास कानामागं टिकत नाही.

मग काल मुद्दाम लक्ष ठेवलं. रविवार, त्यात लग्नसराई, सकाळी सातपासून बाकावर माणसं. कॉलेजची पोरं तर सगळीच मारून येतात, त्यांना गोड वास लागतो, व्हॅनिला, चॉकलेट असं काहीतरी, नाहीतर तो थंडगार समुद्रासारखा म्हणतात तो. फॉग, वाइल्ड स्टोन, पार्क ॲव्हेन्यू, खिशात मावणारे छोटे स्प्रे, आणि ज्याचा भाऊ पुण्याला नाहीतर दुबईला आहे तो सोव्हाज या महागड्या परदेशी सेंटचं नाव सांगतो, पण बहुतेक वेळा ती कॉपी असते, पहिली दहा मिनिटं हुबेहूब आणि कटिंग संपेपर्यंत नुसतं स्पिरिट राहतं. बँकेतले, शाळेतले लोक हलका लिंबूवाणी वास घेतात. पन्नाशीच्या पुढं चंदन, मोगरा. शेतातून थेट येणाऱ्याला पावडर पुरते, मानेवर घामात तिचे पांढरे ओघळ झालेले असतात, आधी ओल्या फडक्यानं पुसावे लागतात. शुक्रवारी जुम्याच्या आधी येणारे मुस्लिम भाऊ अत्तर लावतात, त्यात अल्कोहोल नसतं म्हणून, ऊद किंवा मजमुआ. माझ्या दुकानाला आठवड्यात सगळ्यात चांगला वास शुक्रवारी अकरा ते एकच्या दरम्यान असतो.

एक नवरदेव आला होता, संध्याकाळचं लग्न, गळ्याला अजून हळदीचा पिवळेपणा. मी उलटा हात फिरवून एकदम गुळगुळीत दाढी केली आणि तुरटीकडं वळेपर्यंत त्याच्या दोस्तानं खिशातली बाटली काढून गळ्यावर चार फवारे मारले. नवरदेव खुर्चीतून उठलाच. गळा लाल, बारीक पुरळ, डोळ्यात पाणी. ताज्या दाढीवर कातडीचा वरचा थर पात्यानं खरवडलेला असतो, त्यावर एवढं अल्कोहोल पडलं की आग होणारच. तुरटी बाजूला ठेवली, गार पाण्याचं फडकं दहा मिनिटं दाबून धरलं, मग थोडा उतार पडला, वरात निघेपर्यंत कमी झालं असं फोनवर कळलं. माझंच चुकलं, मी आधी बोलायला पाहिजे होतं. सेंट मारायचाच तर दाढीनंतर निदान अर्धा तास जाऊ द्यावा, आणि गळ्यापेक्षा मनगटावर, शर्टाच्या आतून छातीवर मारावा.

पोरीनं मला बाटलीवरचं वाचायला शिकवलं. ओ द कोलन लिहिलेलं असलं तर त्यात सुगंधी तेल साधारण 2 ते 5 टक्के, ओ द त्वालेतमध्ये 5 ते 15, ओ द परफ्यूममध्ये 15 ते 20, बाकी बहुतेक अल्कोहोल. लिंबू-संत्र्याचे वास हलके, ते आधी उडतात, चंदन, वाळा, ऊद जड, ते मागं राहतात. आता आमच्याकडं मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, दुपारी एकला स्टँडवर उभं राहिलं की डांबर चपलेला चिकटतं, तिथं तो हलका कोलन किती टिकणार? म्हणून मी पोरांना नेहमी सांगतो, पहिल्या फवाऱ्यावर भाळून बाटली घेऊ नका, मनगटावर मारा, रसवंतीत जाऊन रस प्या, मग परत वास घ्या, आवडला तर घ्या.

कोलन शब्दाचं तर मला नवलच वाटलं. आमच्या पिढीला तो यूडीकोलन म्हणूनच माहीत, आणि तोही तापात. सहावीत मला मलेरिया झाला होता तेव्हा आई रात्रभर वाटीत पाणी आणि यूडीकोलन घालून कपाळावर पट्ट्या ठेवत बसली होती, तो वास आला की अजून मला गोधडी आणि कडू गोळी आठवते. पोरगी म्हणाली ते मूळचं सेंटच आहे, जर्मनीतल्या कोलन गावाचं पाणी. इटलीहून तिथं आलेल्या फरिना नावाच्या माणसानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते बनवलं, आणि भावाला पत्रात लिहिलं की या वासानं मला आपल्याकडची पाऊस पडून गेल्यानंतरची सकाळ आठवते. परगावी पोटासाठी गेलेला माणूस, आणि त्यानं काय बाटलीत भरलं तर गावाकडची सकाळ. हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो.

वडिलांच्या फळीवर ओल्ड स्पाइसची पांढरी बाटली असायची, जहाजाचं चित्र असलेली, ती ठरावीक गिऱ्हाइकांसाठी, बाकी सगळ्यांना तुरटी. तुरटीला कमी समजू नये कुणी. घामाला स्वतःचा असा वास फारसा नसतो, कातडीवरचे जंतू तो घाम खातात तेव्हा वास सुटतो, आणि तुरटी त्या जंतूंनाच आवर घालते. पण वडिलांचं खरं काम म्हणजे फाया. आखाजीला, दिवाळीला, नाहीतर कोणी मुलगी बघायला निघाला असला की कटिंग झाल्यावर ते कपाशीच्या बोंडातून चिमूटभर कापूस ओढायचे, सरकी नखानं काढून टाकायची, मग अंगठा आणि पहिल्या बोटात तो कापूस असा फिरवायचे की त्याचा ज्वारीच्या दाण्याएवढा घट्ट गोळा व्हायचा, त्याला अत्तराच्या कुपीची काडी टेकवायची आणि गोळा कानाच्या वरच्या खोबणीत बसवून द्यायचा. कान उबदार असतो आणि तिथं घाम कमी, म्हणून संध्याकाळपर्यंत थोडा थोडा वास सुटत राहतो. त्याचे पैसे नाही घ्यायचे कधी. ते गेले आणि मी फाया बंद केला. स्प्रे आले, कोण विचारतो म्हटलं. आता वाईट वाटतं त्याचं.

आता गुरुजींचं. प्राथमिक शाळेतून रिटायर झालेत, वय एकोणऐंशी, दर रविवारी दुपारी गर्दी कमी झाली की येतात. अख्खं आयुष्य थंडीत हिना, उन्हाळ्यात वाळा, दुसरं काही नाही. 2021 च्या दुसऱ्या लाटेत कोरोना झाला, वाचले, पण नाकाचा वास गेला तो परत आलाच नाही. भरिताचं वांगं भाजताना नाही, भाकर करपली तरी नाही. मला वाटलं आता अत्तर सोडतील. नाही सोडलं. स्वतः फाया करतात, लावून येतात, खुर्चीत बसले की पहिला प्रश्न, "जास्त तर नाही ना झालं?" आणि मी खरं काय ते सांगतो. चार वर्षांवर झालं, गुरुजींचं नाक मी आहे. तसं बघितलं तर नाकाला सवय होते, आपलाच वास आपल्याला थोड्या वेळानं येईनासा होतो, म्हणून तर पोरं फवाऱ्यावर फवारे मारतात. एकदा मी विचारलं होतं की गुरुजी, तुम्हाला येतच नाही तर कशाला लावता. ते म्हणाले, "मला नाही येत, पण शेजारी बसणाऱ्याला येतो ना. नातवाला म्हाताऱ्याजवळ बसावंसं वाटलं पाहिजे."

काल ते बसले, मी मानेभोवती कापड बांधलं आणि वाकलो तर सरबताचा वास. वाळ्याच्या सरबताचा, तो हिरवागार गोडगोड, आणि खाली रॉकेलवाणी काहीतरी. विचारलं बाटली नवीन का? हो म्हणाले, जुनी संपली, नेहमीचा माणूस गेला, म्हणून दुसरीकडून घेतली, पैसेही बरेच घेतले त्यानं. आणि म्हणाले, "मी त्याला सांगितलं ना, मला वास येत नाही, तूच बघून चांगलं दे."

हे ऐकून डोक्यात तिडीक गेली. ज्याला वास येत नाही त्यानं विश्वासानं सांगितलं, आणि त्यालाच हे दिलं. क्षणभर वाटलं गप्प बसावं, त्यांना कुठं कळणार आहे. पण मग त्यांचा प्रश्न आला, जास्त तर नाही ना झालं? आणि मला खोटं बोलता येईना. म्हटलं गुरुजी, जास्त नाहीये, पण हा वाळा नाहीये. त्यांनी कापडाखालून हात काढला, कानातला फाया काढला, जवळ धरून बघितला, उगाच नाकालाही लावला, आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. बोलले काहीच नाहीत. मी दाढी पूर्ण केली.

म्हणून आज सकाळच्या गाडीनं जळगावला गेलो. मशिदीजवळ एक जुना अत्तरवाला आहे, वडील त्याच्या वडिलांकडून घ्यायचे. त्याला सगळं सांगितलं, मग त्यानं तीन कुप्या काढल्या, माझ्या मनगटावर, हाताच्या मागं, कोपराजवळ एकेक रेघ ओढली आणि म्हणाला चहा घ्या, घाई करू नका. चहा होईपर्यंत तो अत्तराचं गाव कनौज, तिथलं सांगत होता, तांब्याच्या देगेत मुळ्या आणि पाणी घालून तोंड मातीनं लिंपतात, खाली शेणी-लाकडाचा जाळ, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे वाफ धरायच्या भांड्यात उतरते, तो भपका पाण्याच्या हौदात गार होत असतो आणि त्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं, वास त्यात मुरतो. निव्वळ वाळ्याचा अर्क काढला तर त्याला रूह खस म्हणतात, तो महाग. रंगावरून काही ओळखू नका म्हणाला, हिरवा रंग कोणीही घालतं.

चहानंतर वास घेतला. पहिली रेघ उडून गेली होती. दुसरी चांगली पण गोडसर. तिसऱ्या रेघेला मी नाक लावलं आणि मला आमच्या ओसरीतला माठ दिसला, आजीनं वाळ्याची जुडी टाकलेला, शाळेतून तापून आल्यावर पहिला पेला तोंडाला लावतो ना तेव्हा पाण्याआधी जो वास नाकात जातो तो, ओल्या मुळ्यांचा, मातीचा, थोडा धुरकट. आपल्या खान्देशात ज्यानं उन्हाळा काढलाय त्याला खरा वाळा ओळखायला दुसरी कुठली परीक्षा नको. तीन मिलीची कुपी घेतली. पैसे बरेच गेले, अर्ध्या दिवसाची कमाई म्हणा, पण जाऊ दे.

घरी आलो तर कापूस नाही. मेडिकलचा होता, तो फायाला चालत नाही, सैल पडतो. शेवटी आईच्या वातींच्या डब्यातून घेतला, शेतातल्या बोंडांचा असतो तो. बावीस वर्षांत वस्तरा कधी थरथरला नाही पण हा गोळा काही जमेना, पहिला सैल झाला, दुसरा मोठा, चौथा बरा आला.

सहाला गुरुजींकडं गेलो, ओट्यावर खाटेवर बसले होते, नातू मोबाइल घेऊन पायाशी. फाया कानात बसवला. त्यांनी दोन क्षण डोळे मिटले, मला वाटलं वास येतोय की काय, पण नाही, मान हलवली.

"कसला येतोय सांग."

"माठातल्या पाण्याचा, गुरुजी."

"जास्त तर नाही ना झालं?"

"नाही. बरोबर आहे."

नातू मोबाइल ठेवून खाटेवर चढला आणि त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन बराच वेळ हुंगत बसला. मी निघालो.

कुपी त्यांच्याकडं ठेवली. दुकानासाठी अजून एक आणायची, थंडी पडली की हिनाची पण. आणि आईच्या डब्यात कापूस परत भरून ठेवायचाय, तिच्या वाती राहिल्यात.