मनोऱ्यावर माणूस चढतो, ताई

चिनी भाषेची दुभाषी म्हणून पर्यटकांच्या गटांबरोबर फिरताना काही वाक्ये इतकी पाठ होतात की ती बोलताना अर्थाकडे लक्षही जात नाही. हनान प्रांतातील शाओलिन मठाजवळच्या 'थालिन'ला, म्हणजे भिक्षूंच्या समाधिस्मारकांच्या वनाला, मी वर्षानुवर्षे 'दगडी मनोऱ्यांचे जंगल' म्हणत आले. एका सकाळी या तीन शब्दांपैकी दोन खोडले गेले.

गटात मावळातले एक निवृत्त गवंडीकाका होते. इसवी सन 791 मधले, तिथले सर्वांत जुने, फावान या भिक्षूचे चौकोनी स्मारक मी दाखवत असताना ते कठड्यावरून वाकून म्हणाले, "ताई, ही वीट आहे." खरेच होते. तिथल्या सव्वादोनशेहून अधिक स्मारकांपैकी बहुतेक विटांचीच आहेत. दगड मुख्यतः दर्शनी शिलालेखांना वापरलेला. विटेचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा बोटभर पुढे काढत वळचण कशी साधली आहे, हे मग काकांनीच गटाला समजावले आणि मी गुपचूप श्रोत्यांत जाऊन उभी राहिले.

"आणि मनोरा कशाला म्हणता? मनोऱ्यावर माणूस चढतो. यात कोण चढणार? आमच्या भाज्याच्या लेण्यांत असे चौदा स्तूप आहेत, पाच आत, नऊ बाहेर, आणि काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावेही कोरलेली आहेत."

मी गप्प झाले. चिनी 'था' हा शब्द आपल्या 'थूप'वरूनच, म्हणजे 'स्तूप'च्या प्राकृत रूपावरूनच, गेला, असे मी विद्यार्थिदशेत शिकले होते, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते; पण भाज्याच्या ब्राह्मी लेखांतला 'थूपो' आणि समोरचा 'था' एकाच श्वासात उच्चारण्याचे मला कधी सुचले नव्हते. त्या धांदलीत 1339 मधला, शाओयुआन या जपानी भिक्षूने रचलेला स्मृतिलेख दाखवायचा राहिला, जो मी एरवी कधीच चुकवत नाही.

कुंग-फूच्या प्रयोगाची वेळ झाली म्हणून मी सर्वांना हाका मारू लागले, तेव्हा काका अजून कठड्याशीच होते आणि बोटाने वळचणी मोजत होते. "एक, तीन, पाच, सात," ते म्हणाले, "सम आकडा कुठेच नाही. हे सांगायचं राहिलं की काय तुमचं?"

राहिलेच होते.