नेझबीच्या धसकटात सापडलेली गोळी

बाबा सप्टेंबरात लेस्टरला आमच्याकडे आले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी जिन्याखालच्या कपाटातून माझं मेटल डिटेक्टरचं मशीन शोधून काढलं. हॉलमध्ये आणून दांडी लांब केली, कॉइल, म्हणजे टोकाची शोधणारी चकती, गालिच्याच्या दोन बोटं वर धरली आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशी संथ फिरवायला लागले. कॉइल कुठे उचलली जात नव्हती की टेकत नव्हती. ही लय माझ्या हाताला बसायला दीड वर्ष लागलं होतं. बाबा बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या अभियंता पलटणीतून, निवृत्त झालेत. खडकीला शिकले, आणि सुरुंग शोधणं, काढणं हे त्यांचं कामच होतं.

"किती किलोचं आहे हे?" त्यांनी विचारलं.

"दीडच्या आत."

"बरं आहे बाबा तुमचं," म्हणाले आणि पुन्हा फिरवायला लागले.

इथं इंग्लंडमध्ये हा छंद रुजलेला आहे. शनिवार-रविवारी शेतकऱ्याची परवानगी काढायची, पिकं निघालेल्या रानात मशीन घेऊन उतरायचं आणि जमिनीत राहून गेलेलं काय काय शोधायचं. कुणाला नाण्यांचा नाद, कुणाला दागिन्यांचा. माझा जीव लढायांत. बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, पलटणीची बटणं, पट्ट्यांची बक्कलं, काडतुसांची टोपणं. विकायला गेलं तर यातल्या बहुतेकांना किंमत नाही. म्हणून घरच्यांना कोडं पडायचं की ही पावसापाण्यात चिखल का तुडवते. बाबांना मात्र मी रानात नेणारच होते.

पण शनिवारी आधी बॉसवर्थ. आमच्या घरापासून जवळच आहे. २२ ऑगस्ट १४८५ ला इथं तिसरा रिचर्ड लढता लढता मारला गेला आणि इंग्लंडची गादी ट्यूडरांकडे गेली. रिचर्डचा सांगाडा २०१२ साली आमच्याच लेस्टरमध्ये एका कार पार्कखाली सापडला. ती गोष्ट सगळ्या जगाला ठाऊक आहे. मला बाबांना त्याच्या आधीची गोष्ट दाखवायची होती. ही लढाई अँबियन टेकडीवर झाली असं कैक वर्षं धरून चालले होते. माहिती केंद्रही तिथंच उभं राहिलं. मग २००५ ते २०१० या काळात ग्लेन फोर्ड या रणभूमी-पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली आजूबाजूची शेतं मेटल डिटेक्टरनं पट्ट्यापट्ट्यानं पिंजून काढली. टेकडीपासून तीनेक किलोमीटरवर सखल रानात तोफांचे तीसहून जास्त शिशाचे गोळे निघाले. आणि एका जुन्या दलदलीच्या काठाशी मिळाला चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला रानडुक्कर, अंगठ्याच्या पेराएवढा. रानडुक्कर हे रिचर्डचं चिन्ह. त्याच्या जवळच्या कुणा सरदाराच्या अंगावरून तो गळून पडला असणार. एवढ्याशा वस्तूंनी अख्खी लढाई नकाशावर सरकवली.

काचेमागच्या त्या डुकरापुढे बाबा बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "म्हणजे प्रत्येक गोळा कुठं सापडला ते लिहून ठेवलेलं."

"प्रत्येक."

"नाहीतर नुसतं शिसं." एवढंच बोलले आणि चहाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

हीच गोष्ट मी चार वर्षं लोकांना समजावत होते. बाबांना ती सांगावी लागली नाही, याचं कारण त्यांच्या नोकरीत आहे. सुरुंग पेरताना त्याची नोंद करावी लागते. कुठल्या खुणेपासून किती पावलं, कुठल्या दिशेला, ओळीत कितवा. पुढे कधीतरी कुणीतरी ते काढणार असतं, आणि त्याच्या जिवाची भिस्त त्या कागदावर असते. २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यावर सीमेवर सुरुंग पेरले गेले. ते उचलायच्या वेळी बाबा राजस्थानात होते. वारा रेती हलवतो, रेतीबरोबर सुरुंगही हलतो आणि कागद खोटा पडतो. त्यांच्या तुकडीतल्या एकाचा पाय तिथंच गेला. हे मला लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं. त्या शनिवारी परतीच्या वाटेवर गाडीत सांगितलं.

रविवारी नेझबी. नॉर्थहॅम्प्टनशरमधलं छोटं गाव, आमच्यापासून पाऊण-एक तासावर. वाटेत मी बाबांना या यंत्राचा जन्म सांगत होते. जोझेफ कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्यानं दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडमध्ये असताना हातात धरून चालवता येईल असा सुरुंगशोधक बनवला. पेटंट घेतलं नाही, ब्रिटिश सैन्याला तसाच देऊन टाकला. त्याचे घरचे जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये होते, म्हणून त्याचं नावही गुप्त ठेवलं. ऑक्टोबर १९४२ मध्ये अल अलामीनला वाळवंटातले सुरुंग काढताना अशी पाचशे यंत्रं वापरली. युद्ध संपल्यावर उरलेली यंत्रं स्वस्तात बाजारात आली आणि तिथून या छंदाला सुरुवात झाली. कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, धातूत त्यानं छोटे प्रवाह उठतात, आणि त्यांचा प्रतिसाद कॉइल परत ऐकते. तत्त्व आजही तेच आहे.

"आणि त्याच्या आधी?" बाबांनी विचारलं. उत्तर त्यांच्याजवळ होतं. "१९४१ ला ॲबिसिनियात आपले भगतसाहेब. चार दिवस, ५५ मैल रस्ता, १५ सुरुंगक्षेत्रं. असलं मशीन नव्हतं तेव्हा." प्रेमिंद्रसिंग भगत, बॉम्बे सॅपर्सचे. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले पहिले भारतीय अधिकारी. खडकीत वाढलेल्या कुठल्याही मुलाला हे पाठ असतं. मलाही होतं, पण बाबांच्या तोंडून ऐकताना मी गाडीचा वेग कमी केला.

नेझबीच्या रणभूमीवर आधी नुसतं उभं राहायचं. गाव सोडून सिबरटॉफ्टच्या रस्त्याला लागलं की १९३६ साली उभारलेला दगडी स्तंभ लागतो. तिथून दोन्ही बाजूंच्या उतारांचा अंदाज येतो. राजा आणि पार्लमेंट यांच्यातलं यादवी युद्ध चालू होतं. १४ जून १६४५ च्या सकाळी एका अंगाला पार्लमेंटची नवी फौज, तिचे सेनानी फेअरफॅक्स आणि क्रॉमवेल. समोर पहिल्या चार्ल्स राजाची फौज, संख्येनं बरीच कमी. राजाचा भाचा रूपर्ट घोडदळ घेऊन उजवीकडून घुसला, समोरची फळी फोडली आणि त्याच भरात थेट शत्रूच्या सामानाच्या गाड्यांपर्यंत गेला. तो परतेपर्यंत मागे पायदळाचा निकाल लागला होता. क्रॉमवेलनं आपले स्वार आवरून धरले होते, ते त्यानं योग्य वेळी वळवले. सगळं दोन-तीन तासांत आटोपलं. राजाचे साडेचार-पाच हजार लोक कैद झाले आणि त्याची खासगी पत्रंही शत्रूच्या हाती लागली. पळापळीत विजयी सैनिकांनी छावणीतल्या शंभराच्या आसपास बायका कापल्या. हे मी बाबांना सांगितलं. या शेतांचं सौंदर्य दाखवायचं तर हेही सांगायला हवं.

बाबा स्तंभाला एक प्रदक्षिणा घालून आले. "नावं कुठायत?"

नावं नाहीत. क्रॉमवेलच्या घोडदळाबद्दलचा मजकूर तेवढा आहे. आमचं गाव अपशिंग्यापासून फार लांब नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि लोक त्या गावाला 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात. बाबांना तसली सवय.

मुख्य रणभूमीत मी मशीन लावत नाही. तिथं शास्त्रशुद्ध सर्वेक्षण झालेलं आहे, आणि प्रत्येक गोळीची जागा हा त्या लढाईचा पुरावा आहे. हौसेखातर तो उचलायचा नाही. माझी परवानगी आहे ती उत्तरेकडच्या एका शेताची, राजाची फौज लेस्टरकडे मागे हटली त्या अंगाला. मालकाशी लेखी करार आहे. सापडलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद करायची आणि मालकी त्यांची. गेल्या हिवाळ्यात या शेतात कुणीतरी रात्री चोरून खणून गेलं होतं. इथं त्यांना नाइटहॉक म्हणतात. खड्डे तसेच उघडे टाकले होते आणि त्यात मेंढीचा पाय अडकला. त्यानंतर मालक कुणाला पाऊल टाकू देत नव्हते. मला पुन्हा होकार मिळवायला दोन महिने लागले.

गहू निघाला होता. धसकटं घोट्याएवढी, माती रात्रीच्या पावसानं मऊ. मशीन बाबांकडे दिलं आणि हेडफोन काढून ठेवले, म्हणजे दोघांना आवाज ऐकू येईल. पहिला तास नेहमीसारखा: कोल्ड्रिंकच्या कॅनची कडी, ट्रॅक्टरचा बोल्ट, शिकारीच्या काडतुसांची पितळी बुडं. लोखंड घोगरं बोलतं, ॲल्युमिनियम फसवतं. शिसं मात्र गोल आणि स्वच्छ बोलतं. कुंपणापासून चाळीसेक पावलांवर तसा आवाज आला. बाबा जागच्या जागी थिजले. मशीन तसंच धरून त्यांनी डावा हात वर केला. माझ्यासाठी खूण होती ती, मागे थांब म्हणून. मी थांबले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि हात खाली आला, पण आम्ही दोघंही थोडा वेळ बोललो नाही.

मी नव्वद अंशात फिरून पुन्हा कॉइल नेली. मशीनवरचा आकडा तोच. फावडं टेकवणार तोच बाबा म्हणाले, "थांब. वरनं नको. बाजूनं घे."

ते गुडघ्यावर बसले. माझ्या पिशवीतलं खुरपं घेतलं आणि आवाजाच्या जागेपासून वीतभर अलीकडे, तिरकं, जमिनीशी तीसेक अंशांत आत सरकवलं. सुरुंग शोधताना सळई अशीच टोचत न्यायची असते. त्याच्या डोक्यावर दाब पडता कामा नये, कड लागली पाहिजे. माती एका बाजूनं काढत ते आत गेले, बोटांनी ढेकूळ फोडलं, फुंकर मारली. वितीच्या जरा आतच, मातीच्या भिंतीत, पांढुरका अर्धगोल दिसायला लागला. बाबांनी तो उचलला नाही. आधी मला म्हणाले, "लिही."

जीपीएसवरची जागा लिहिली, खोली लिहिली, फोटो काढला. मग त्यांनी तो तळहातावर घेतला. बंदुकीची गोळी. साडेतीनशेहून जास्त वर्षं मातीत राहिलेल्या शिशावर चढते ती खडूसारखी पांढरी साय, मधोमध साच्याची बारीक शिवण, आणि एका टोकाला ओतलेल्या शिशाची दांडी छाटल्याची सपाट खूण. घरी वजन केलं, ३७ ग्रॅम. एका पौंडात बारा गोळ्या बसतात ते मस्केटचं, म्हणजे त्या काळच्या लांब बंदुकीचं, माप, व्यास १९ मिलिमीटरच्या आसपास. कुठं चपटी नाही, म्हणजे ही कशावर आदळलेली नाही. झाडलेली गोळी आदळली की पैशासारखी पसरते. काहींवर दातांचे ठसे असतात, आणि लोक जखमी शिपायांच्या गोष्टी रचतात, पण त्यातले बरेच ठसे डुकरांच्या दातांचे असतात. ही कुणाच्या तरी पिशवीतून पडली. पळताना पडली असेल, असं मला वाटावंसं वाटतं. एका गोळीवरून तसं म्हणता येत नाही. शेजारी आणखी दहा सापडल्या, त्यांची ओळ नकाशावर उमटली, तर म्हणता येईल.

"सोळाशे पंचेचाळीस," बाबा म्हणाले. "महाराज पंधरा वर्षांचे."

मी इतकी वर्षं या रानात येते, हे गणित माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्या साली इकडे ही गोळी पडली आणि तिकडे मावळात पोरं जमत होती.

एक विनवणी इथंच करते, कारण महाराष्ट्रातून मला वारंवार विचारणा होते की असलं मशीन किल्ल्यांवर न्यायला कुठलं घ्यावं. कुठलंही घेऊ नका. संरक्षित स्मारकावर खणणं गुन्हा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जमिनीत सापडलेली दहा रुपयांवरची वस्तूही जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. २०२५ च्या मार्चमध्ये असिरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री टॉर्च घेऊन मोगलांचं सोनं खणत होते, त्या चित्रफिती बघताना मला रडू आलं. त्या मातीत सोनं असो-नसो, कुणाची तरी छावणी कुठं होती, मोर्चा कुठं लागला होता, हे सांगणारं शिसं आणि लोखंड नक्कीच असेल. फावडं एकदा फिरलं की ते बोलायचं थांबलं. त्याच वर्षी आपले मराठा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांच्या पायथ्याची रानं पट्ट्यापट्ट्यानं, नोंद ठेवून, विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याच्या हाताखाली तपासली जावीत असं मला फार वाटतं. बाबांसारखी निवृत्त सॅपर मंडळी गावोगाव आहेत. त्यांचे हात या कामाला तयार आहेत.

संध्याकाळी मालकांच्या स्वयंपाकघरात चहा घेतला. त्यांनी गोळी बोटात फिरवली, खिडकीजवळ नेऊन शिवण बघितली आणि नोंदीसाठी माझ्याकडे परत दिली. बाबांनी त्यांना इंग्रजीत विचारलं, "खड्डा बघायचा का?" ते आमच्याबरोबर चालत आले. बाबांनी माती थरांच्या क्रमानं भरली होती, वर धसकटाचा मूळ गड्डा तसाच ठेवला होता. खड्डा कुठं होता ते मालकांना ओळखता आलं नाही. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला आणि शेजारच्या शेताचीही परवानगी तिथल्या तिथं दिली.

गोळी मी ब्रिटिश म्युझियम चालवतं त्या नोंदणी योजनेच्या आमच्या भागातल्या अधिकारीबाईंकडे नेऊन दिली. पंधरा लाखांहून जास्त वस्तू त्या यादीत आहेत, सगळ्या सामान्य माणसांना सापडलेल्या. नेमकी जागा संशोधकांनाच दिसते, बाकीच्यांना गावापुरती, म्हणजे रात्रीच्या चोरांना वाट सापडत नाही. बाबा तोवर साताऱ्याला परतले होते. नोव्हेंबरात नोंदीचा क्रमांक आला तेव्हा मी फोन केला. त्यांनी चष्मा शोधला, वही शोधली आणि क्रमांक मला दोनदा वाचायला लावला. मग त्यांनी तो मला वाचून दाखवला, एकेक अक्षर सुटं.